दक्षिण वरच्या अंगाला

मोजणीदारांना चहा देणं हीसुद्धा एक परीक्षा असायची. कप समोर ठेवला की ते त्याला हात न लावता म्हणायचे, "कान पूर्वेला गेलाय. पश्चिमेला करा." मी कप फिरवायचो. मग ते प्यायचे. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हतेच. माणूस वळला की डावं-उजवं बदलतं, तेव्हा त्याच्यावर विसंबायचं नाही, असं त्यांचं मत होतं. एकदा भर वाचनालयात, वर्गणीदारांच्या देखत, ते मला म्हणाले, "तुमच्या धोतराचा नैर्ऋत्येचा सोगा सुटलाय." मी आधी नैर्ऋत्य शोधली, मग सोगा. तोवर सगळे हसून मोकळे झाले होते.

मी तेव्हा नगरच्या आमच्या वाचनालयात मदतनीस ग्रंथपाल होतो. पुण्याला राहून पुस्तकांची सूची कशी करायची याचं रीतसर शिक्षण घेऊन आलो होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो. मोजणीदार मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं साखळी घेऊन जिल्ह्यातले बांध आणि गावांच्या शिवा मोजत पायी हिंडलेले. वाचनालयात त्यांना कुणी नेमलं नव्हतं. विमानातून काढलेले फोटो आलेत असं त्यांच्या कानावर गेलं, ते बघायला म्हणून आले आणि बसले ते बसलेच.

हे फोटो आमच्याकडे आले त्याचं असं झालं. लढाई संपली आणि छावणीतल्या गोऱ्यांची बांधाबांध सुरू झाली. लढाईच्या दिवसांत त्यांनी विमानातून जिल्ह्याचे फोटो काढले होते, ते आता जाळायला निघाले होते. आमच्या अध्यक्षांनी ओळखीने त्यातल्या तीन पेट्या मागून घेतल्या. प्रत्येक फोटोवर नंबर होता. कुठला नंबर कुठल्या गावाचा, हे सांगणारी वही मात्र पेट्यांत नव्हती. ती बहुधा आधीच जळाली असावी.

लोकांना हे फोटो बघायला मिळाले पाहिजेत, एवढ्या एका गोष्टीवर मोजणीदारांचं आणि माझं एकमत होतं. बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडण.

पहिलं भांडण लेबलांवरून. मी सरकारी नकाशे उघडून बसलो, नदीची वळणं जुळवली, रस्ते जुळवले आणि पहिली पेटी महिनाभरात संपवली. प्रत्येक फोटो उत्तर वर करून ठेवलेला, वरच्या कडेला मधोमध लेबल, लेबलावर माझं वळणदार अक्षर. मोजणीदार आले. जोडे दाराबाहेर काढले, सतरंजीवर बसले, एक फोटो उचलून उलटा फिरवला आणि म्हणाले, "सगळी लेबलं काढा."

"का?"

"डोंगरांचे खड्डे झालेत."

मला काही कळेना. त्यांनी समजावलं ते असं. आपल्याकडे ऊन दक्षिणेच्या अंगाने येतं, सावली उत्तरेला पडते. वरून काढलेल्या फोटोत सावली बघणाऱ्याच्या अंगावर आली तर डोळ्याला उंचवटा उंचवटा दिसतो. सावली पलीकडे गेली की डोळा फसतो आणि डोंगराचा खड्डा होतो. म्हणून फोटो ठेवायचा तो दक्षिण वरच्या अंगाला करून. लेबलही त्याच बाजूला.

मी म्हणालो, "कुठल्याही नकाशात उत्तर वर असते."

"हा नकाशा नाही. ही ऊन पडलेली जमीन आहे."

मी हट्टाला पेटलो. त्यांनी वाद घातला नाही. खाली जाऊन बाजाराला आलेल्या एका कांदेवाल्या शेतकऱ्याला वर घेऊन आले, हात धुवायला लावले आणि माझा लेबल लावलेला फोटो त्याच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. "ह्यो केवढा खड्डा हाय ओ," तो म्हणाला, "एवढा खड्डा आमच्या मुलखात न्हाई." मोजणीदारांनी फोटो फिरवला. "हां. ह्यो डोंगुर. ह्येच्या मागं आमची वस्ती." मग माझ्याकडे बघून त्याने साधेपणाने विचारलं, "मग आदी उलटा कशापायी दावला?"

लेबल काढायचं म्हणजे ओलं फडकं त्याच्यावर ठेवायचं, शंभरपर्यंत आकडे म्हणायचे आणि नखाने कोपरा उचलायचा. घाई केली की फोटो सोलवटतो. अकरा दिवस मी हेच केलं. मोजणीदार शेजारी बसून आकडे मोजत आणि मी ऐंशीलाच हात घातला की मला थांबवत. कार्यकारिणीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी दक्षिण वर ठेवणं अशुभ आहे, ती यमाची दिशा आहे, असं लेखी कळवलं. त्या कागदावर काय उत्तर द्यायचं ते मी मोजणीदारांना विचारलं. ते म्हणाले, "त्यांना सांगा, उत्तर पोटाशी आहे."

एवढ्यावर थांबले असते तर ते मोजणीदार कसले. नकाशावरून मी लिहिलेली नावंसुद्धा त्यांना मान्य नव्हती. माझ्या मते हा निव्वळ आडमुठेपणा होता आणि तसं मी त्यांच्या तोंडावर बोललोही. तेवढ्यात संगमनेरचे एक शाळामास्तर आले. मी त्यांना "हे घ्या, तुमचं संगमनेर" म्हणून फोटो दिला. मास्तरांनी भिंग लावलं आणि हरखून गेले. त्यांना त्यांचं घर सापडलं. मग सासुरवाडी सापडली, शाळा सापडली, शाळेमागचं चिंचेचं झाडही सापडलं. दोन वेळा डोळे पुसून ते गेले. मी मोजणीदारांकडे विजयी नजरेने बघितलं. पुढच्या बाजाराला त्यांनी तोच फोटो, नाव न सांगता, देवळाली प्रवऱ्याहून आलेल्या दोन सोयऱ्यांपुढे वेगवेगळा ठेवला. दोघांनीही न अडखळता देवळाली प्रवरा म्हणून सांगितलं, वर कुणाची विहीर कुठली तेही सांगितलं, आणि दोघांच्या विहिरी जुळल्या.

मास्तर खोटं बोलले नव्हते. नाव आधी सांगितलं की माणसाला त्या नावाचं सगळं दिसायला लागतं. चूक माझी होती आणि ती मला फार झोंबली.

तेव्हापासून मोजणीदारांचा कायदा पक्का झाला. बघणाऱ्याला गावाचं नाव सांगायचं नाही. त्या गावात राहिलेल्या दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता, तेच नाव सांगितलं तरच ते रजिस्टरात चढवायचं. दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्यायचे. मगच लेबल आणि मगच कपाटात जागा. प्रत्येकाला ते एक प्रश्न विचारत: "गावात शिरलात की पायाला आधी काय लागतं?" कुणी म्हणे वाळू, कुणी म्हणे फुफाटा, कुणी म्हणे काळा चिखल. हे विमानातून दिसत नाही, म्हणून विचारायचं. जो पटकन सांगेल तो तिथला.

बाजारच्या दिवशी आमच्या वाचनालयात जे व्हायचं त्याला वाचनालय म्हणणं कठीण होतं. सतरंजीवर शेतकरी, फोटोंवर वाकलेली मुंडाशी, "ह्यो बग आपला पार", "त्यो न्हवं, पलीकडचा". वर कांद्याचा वास. वर्तमानपत्र वाचायला येणारे वर्गणीदार माझ्याकडे तक्रारी करत, कारण मोजणीदारांकडे तक्रार केली तर ते तुमचं गाव कुठलं म्हणून विचारत आणि हात धुवायला पाठवत.

आता बाइंडरचाचांबद्दल सांगायला हवं. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं लहानसं दुकान होतं आणि आमची फाटकी पुस्तकं बांधायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. फोटो कडांनी वळायला लागले, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीला मांजरपाट चिकटवायचं ठरलं. चाचा आमच्याच व्हरांड्यात खळीचं भांडं घेऊन बसत. मोजणीदारांनी त्यांना पहिल्याच दिवशी ताकीद दिली: फोटोच्या तोंडाला खळीचा हात लागता कामा नये. पालथा घ्यायचा, पालथा चिकटवायचा, पालथाच परत द्यायचा. चाचा म्हणाले, "त्वांड बगून मला काय करायचंय, साहेब. पाट सरळ आली म्हंजी झालं." आणि त्यांनी तिन्ही पेट्या तशाच केल्या, एकही फोटो उताणा न करता. दुपारी दोघं व्हरांड्यात एकत्र विडी ओढत बसायचे आणि बोलायचे ते मांजरपाटाच्या विणीबद्दल.

दीड वर्षात बहुतेक फोटोंना नावं मिळाली. उरला तो एक गठ्ठा, ज्याच्यावर दोन माणसांचं एकमत होत नव्हतं किंवा ओळखणारं कुणी आलंच नव्हतं. त्या सुमारास कार्यकारिणीने फोटोंच्या खोलीत रेडिओ बसवायचं ठरवलं. आमचे चिटणीस वकील होते, मुद्देसूद माणूस. त्यांनी सांगितलं, गुढीपाडव्याच्या आत रजिस्टरात चढलेले फोटो कपाटात राहतील. न चढलेले बाइंडरला देऊन टाका. कागद जाड आहे, पुस्तकांच्या पुठ्ठ्यात घालायला कामाला येईल.

मी मोजणीदारांना म्हणालो, "उरलेल्यांची नावं नकाशावरून अंदाजे लिहून टाकू. मागाहून दुरुस्त करता येतील."

"अंदाजे गाव नसतं," ते म्हणाले.

"पण फोटो तरी राहतील."

"चुकीच्या नावाखाली राहिलेलं गाव कुणाला सापडणार?"

मला त्यांचा राग आला. त्यांच्या हट्टापायी ते फोटो कात्रीखाली जाणार होते आणि ते शांतपणे भिंग पुसत बसले होते.

त्या गठ्ठ्यातला एक फोटो ते रोज एकदा काढून बघत आणि पुन्हा तळाशी ठेवत. ओढ्याच्या वळणात वसलेली पन्नासेक घरं, बाजूला टेकडी, टेकडीवर पांढरा ठिपका. एक दिवस ते हात धुवायला गेले असताना त्यांची जुनी मोजणीची वही सतरंजीवर उघडी राहिली होती. पानावर पेन्सिलीने काढलेला तोच ओढा, तीच टेकडी, तीच घरं. खाली नाव होतं, जांभुळओढा.

ते परत आले तेव्हा वही माझ्या हातात होती. "तुम्हाला हे गाव माहीत आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे."

"दीड वर्षापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मग त्यांनी सांगितलं. त्या गावाच्या जागी तलाव करायचा ठरला होता. गाव उठवायच्या आधीची मोजणी त्यांनी केली, घर अन् घर, विहीर अन् विहीर. ते त्यांचं नोकरीतलं शेवटचं काम. पुढे लोक गेले, जिकडे ज्याला थारा मिळाला तिकडे, आणि गाव पाण्याखाली गेलं. विमान वरून गेलं ते त्याच्या थोडं आधी.

"मग लिहा ना नाव. तुमच्याइतकं ते गाव कुणी बघितलंय?"

"मी ते मोजलं. मी तिथे राहिलो नाही. राहिलेल्याने सांगितलं पाहिजे."

"मग मी बाजारात दवंडी पिटतो. जांभुळओढ्याचं कोण आहे म्हणून विचारतो."

"नाव विचारून माणूस आणलात तर तो हो म्हणेल. संगमनेरचे मास्तर आठवा."

अर्धा तास मी त्यांच्याशी भांडलो. विनवलं, रागावलो, कायदा तुम्हीच केलाय तर तुम्हीच मोडा असंही म्हणालो. "मीच मोडायला लागलो तर कशाला केला," एवढंच ते म्हणाले. पण तळाशी ठेवलेला फोटो त्यांनी पुन्हा वर काढून एकदा बघितला. त्यांना तो फोटो वाचवायचा होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि त्या गावातलं कुणी समोर यावं म्हणून हा माणूस दीड वर्ष वाट बघत होता, आणि येईल या भीतीतही होता. हे मला त्या दिवशी समजलं. त्याने माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला. इतकं वाटत होतं तर इतकं अडून कशाला बसायचं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी चाचा गठ्ठा न्यायला आले. रेडिओचं टेबल दारात येऊन पडलं होतं. मोजणीदार सतरंजीवर बसले होते, नेहमीच्या जागी, भिंतीकडे तोंड करून. मी गठ्ठा बांधून दिला. चाचांनी सवयीने तो पालथा घातला, दोरी सोडली, वरचा फोटो पालथाच हातात घेतला आणि बोटांनी मापून म्हणाले, "ह्येचे दोन पुट्टे निगतील."

तो वरचा फोटो कुठला ते मला माहीत होतं, कारण मोजणीदारांनी सकाळी तो बघून नेहमीसारखा तळाशी ठेवला होता आणि पालथ्या गठ्ठ्यात तळ वर आला होता. मला ते सहन होईना. "चाचा," मी म्हणालो, "दीड वर्ष झालं, एकदा तरी उलटून बघा काय कापताय ते."

चाचांनी मोजणीदारांकडे बघितलं. ताकीद त्यांची होती. मोजणीदारांनी मान वळवली नाही. तेव्हा चाचांनी हात आधी लुंगीला, मग फडक्याला पुसले, आणि मी फोटो उताणा करून त्यांच्यापुढे ठेवला. घाईत ठेवला, उत्तर वर करून.

चाचा वाकले. "कसला तरी खड्डा हाय, साहेब," ते म्हणाले. "खड्ड्यात पांडरं काय तरी पडलंय."

भिंतीकडून मोजणीदारांचा हात आला. त्यांनी फोटो फिरवला, दक्षिण वरच्या अंगाला, आणि हात मागे घेतला.

चाचा बघत राहिले. त्यांनी बोट पुढे केलं, पण फोटोला लावलं नाही, वीतभर वरूनच फिरवलं. "ह्यो पीर," ते म्हणाले. "टेकडीवरचा. खालचं ह्ये पिंजाऱ्याचं घर. त्येच्या अंगाला आमचं." मग बोट ओढ्याच्या वळणावरून गेलं. "जांभुळओढा हाय ह्यो."

"गावात शिरलात," मोजणीदार भिंतीकडे बघतच म्हणाले, "की पायाला आधी काय लागतं?"

"वढ्यातलं गोटं. अनवानी लई टोचायचं." चाचा खाली बसले. "आता काय लागत न्हाई. पानी हाय."

आता मोजणीदार वळले. "तुम्ही मला तिथे बघितलं नाहीत."

"मी हितंच हुतो, शहरात, दुकानात. बाप हुता गावाला. साखळीवालं साहेब आल्तं म्हनून त्यानं सांगितल्यालं."

"दाढीला मेंदी लावायचे ते?"

"व्हय."

"त्यांनी माझी साखळी विहिरीत टाकली होती."

"टाकली हुती," चाचा म्हणाले. "मंग दुसऱ्या दिशी सोताच उतरून काडून दिली. म्हनला, त्या मानसाला बी वरच्या साहेबांस्नी साकळी दाकवावी लागंल."

"तीन कड्या वाकल्या होत्या," मोजणीदार म्हणाले. मग पुढे म्हणाले, "मी तुमचं घर मोजलं. ओसरी सोडून सोळा पावलं."

"सोळाच," चाचा म्हणाले.

मी रजिस्टर पुढे केलं. चाचांनी जिथे सही करायची तिथे सावकाश सही केली. त्याच्याखाली दुसऱ्या साक्षीदाराची ओळ रिकामी होती. माझ्याने राहवेना. "दुसरा माणूस कुठून आणायचा?" मी म्हणालो. "रेडिओ दारात आलाय."

मोजणीदारांचा कायदा आता त्यांच्याच गळ्याशी आला होता, आणि ते तो मोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं.

चाचांनी रजिस्टर माझ्या हातून घेतलं आणि मोजणीदारांपुढे ठेवलं. "ह्ये साहेब हायेत की," ते म्हणाले. "पावलापावलानं फिरल्यात. मी धा वर्सांचा असताना गाव सोडलं. माझ्यापरीस त्येंनाच जास्ती ठावं." आणि मोजणीदारांना म्हणाले, "करा सई. आमच्या गावचंच तुमी."

मोजणीदारांनी सही केली. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की त्यांचं म्हणून कुणी ओळखलं नसतं. चष्म्याखालून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

चाचा उठले. उरलेला गठ्ठा त्यांनी पुन्हा दोरीने बांधला, या वेळी उताणा. "ह्ये कापायचं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई," ते मला म्हणाले. "ह्ये बी कुनाचं तरी गाव असंल. वकीलसाहेबांस्नी सांगा, पुट्ट्याला मी दुसरा कागद आनतो. ह्ये दुकानात दोरीवर टांगतो. बाजारला येनारं बगत्याल."

"दक्षिण वर करून टांगा," मोजणीदार म्हणाले.

"दक्षिन वरच करून."

मी लेबल लिहिलं. जांभुळओढा. खळ चाचांच्या भांड्यात होतीच. वकीलसाहेब यायच्या आत फोटो कपाटात गेला पाहिजे म्हणून मी भराभर लेबल लावलं, तळव्याने दाबलं आणि फोटो मोजणीदारांपुढे धरला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि वाकून बघितलं.

"लेबल उत्तरेला लावलंत," ते म्हणाले. "काढा."

चाचांनी ओलं फडकं माझ्या हातात दिलं. मी ते लेबलावर ठेवलं आणि मोजणीदार एकपासून आकडे म्हणायला लागले.